गुलमंडी ते निराला बाजार: कधी जायचं, कुणाला न्यायचं अन् काय मागवायचं

संभाजीनगरच्या गुलमंडीवर इमरती खायची असेल ना तर आधी कढईकडे बघा अन् मग काउंटरकडे. कढई चालू असेल, हलवाई फडक्यातून उडदाचं पीठ पिळत आधी गोल कडं अन् मग त्याच्यावर एकेक पाकळी काढत असेल, तर पाच-दहा मिनिटं उभं राहा आणि पाकातून नुकती निघालेलीच घ्या. उडदाची डाळ भिजवून, वाटून, भरपूर फेसून केलेली ही गोष्ट आहे, जिलबीसारखी मैद्याची नाही, म्हणून गरम असताना बाहेरून कुरकुरीत अन् आत पाकानं भरलेली असते आणि गार झाली की चिवट लागते. ताटात रचून ठेवलेली खाऊन "एवढं काय नाव ऐकलं होतं" म्हणत परत गेलेले पाहुणे मी स्वतः बघितलेत. दुकान तेच असतं, वस्तू तीच असते, फक्त वेळ चुकलेली असते.

मला या सगळ्यात हेच सांगायचंय. छत्रपती संभाजीनगरात, खास करून जुन्या शहराच्या या पट्ट्यात, म्हणजे निराला बाजार, औरंगपुरा, गुलमंडी आणि पुढं सिटी चौक, कुठं खायचं हे विचारायच्या आधी किती वाजता खायचं अन् सोबत कोण आहे हे ठरवा. लोक उलटं करतात. आधी मोबाइलवर फोटो बघतात, चार स्टार का साडेचार स्टार ते बघतात, आणि मग रविवारी रात्री साडेआठला सात माणसं घेऊन तिथं पोचतात.

मी पण तेच केलं होतं. मी मूळची परभणीची, लग्नानंतर इथं आले. गंगाखेडहून आत्या, आतोबा, चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं आली होती, मे महिना, रविवार. एका कॅफेचे फोटो छान वाटले, झोपाळा होता, लाइटिंग होती, म्हणून सगळ्यांना तिकडं नेलं. चाळीस मिनिटं बाहेर उभे, मग चार माणसांच्या टेबलाला तीन खुर्च्या जोडून बसवलं, पोरांचा पास्ता आला तो पार गार, आणि शेजारच्या टेबलावर धूर काढत सिझलर आलं त्यानं आतोबांना जो खोकला लागला तो थांबेचना. आत्यानं मेनू उलटा-सुलटा करून बघितला अन् मला हळूच म्हणाली, "अगं माय, ह्यात पोट भरायचं काय हाय? भाकरी कुठं मिळंल तेवढं सांग." घरी येऊन रात्री अकराला पिठलं टाकलं. त्या कॅफेचं नाव घेत नाही, कारण तीच जागा मंगळवारी दुपारी चारला मैत्रिणीसोबत बसायला खरंच चांगली आहे, मी नंतर गेलेय. पण वयस्कर माणसांना रविवारी रात्री न्यायची जागा ती नव्हती, आणि हे मला आधी कळायला पाहिजे होतं.

तर आता घड्याळाप्रमाणे सांगते.

सकाळचं थोडक्यात. औरंगपुऱ्यात भाजी मंडीच्या आसपास साडेसात ते दहापर्यंत नाष्ट्याचे गाडे जोरात असतात, पोहे, उपमा, इडली, आलूबोंडा. गाडा कसा निवडायचा तर जिथं पातेलं लवकर रिकामं होतंय अन् नवीन भरतंय तिथं उभं राहायचं. दहाच्या नंतर पोहे खाऊ नका, वरचे कोरडे अन् खालचे गोळा झालेले असतात. सुशीला शोधत बसू नका, मुरमुऱ्याचा तो नाष्टा आपल्याकडं घरोघरी होतो, पण गाड्यावर मला या भागात चांगला मिळाला नाही, तो घरीच करा, शेंगदाण्याचा कूट अन् फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ सढळ हातानं घाला.

दुपारचं जेवण हा मोठा विषय आहे कारण भाकरी. आत्यासारखी माणसं सोबत असली की भाकरी लागतेच. आता बऱ्याच हॉटेलांवर "गावरान", "चुलीवरचं" अशी पाटी असते, पण पाटी बघून आत जाऊ नका, आत जाऊन आधी दोन प्रश्न विचारा. पहिला, भाकरी ज्वारीची आहे का पिठात काही मिक्स आहे, अन् दुसरा, ऑर्डर दिल्यावर थापणार का थापून ठेवलेली आहे. दुसऱ्या प्रश्नाला वेटर अडखळला तर समजून जा. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरल्यावर पाच मिनिटंच भाकरी असते, नंतर ती वातड होते, म्हणून सहा माणसं असली तरी सहा भाकरी एकदम मागवायच्या नाहीत. "दोन-दोन करून आणा, गरम" असं सांगायचं आणि आल्या आल्या मोडून वाटून घ्यायच्या. पापुद्रा सुटलेला असला, वाफ बोटाला चटका देत असली की ती भाकरी बरोबर. सोबत शेवभाजी, वांगं किंवा पिठलं, आणि ठेचा मागताना तिखट किती ते विचारून घ्या, मराठवाड्यातलं "मीडियम" हे पुण्याहून आलेल्या पाहुण्याला मीडियम लागत नाही. येसर आमटी कुठं मेनूवर दिसली तर सोडू नका, भाजलेल्या धान्या-डाळीचं मसालेदार पीठ लावून केलेली ही आमटी लग्नाकार्याच्या पंगतीतली आहे अन् हॉटेलात क्वचित मिळते. धपाटे दिसले तर दही अन् शेंगदाण्याच्या चटणीसोबत घ्या.

काळ्या मसाल्याच्या भाजीत तरी, म्हणजे तेलाचा लाल तवंग, वर तरंगते, वयस्कर माणसांसाठी "तरी वेगळी द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी वाटीत काढून देतात. रस्सा परत मागितला तर पैसे लागतात का हे पण आधीच विचारा, काही ठिकाणी रस्सा फ्री असतो, काही ठिकाणी लावतात, बिल आल्यावर वाद घालण्यापेक्षा हे बरं.

भाकरीचा हट्ट नसेल आणि पाहुण्यांना पोटभर, पंगतीसारखं वाढून हवं असेल तर गुजराती-राजस्थानी पद्धतीची थाळी हा सोपा मार्ग, त्यासाठी भोज या हॉटेलचं नाव शहरात सगळ्यांना माहिती आहे. थाळीला शक्यतो एकच्या आधी जा, म्हणजे फुलके गरम मिळतात अन् वाढणाऱ्यांनाही दम असतो. आणि सकाळी नाष्टा कमी करा, थाळीत पहिल्याच फेरीत फरसाण अन् गोड खाऊन पोट भरून घेणारे लोक नंतर कढी-खिचडीला हात लावत नाहीत, खरं तर शेवटची खिचडी अन् वर तूप हाच थाळीचा सगळ्यात चांगला भाग आहे.

पाण्याचं एक सांगते, हे मला मनापासून वाटतं. आपल्या शहरात जायकवाडी धरण उशाला असून नळाच्या पाण्याची ओढाताण असते हे इथं राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. हॉटेलात बसल्या बसल्या सगळे ग्लास भरून घेऊन अर्धे तसेच टाकून उठू नका. लागेल तेवढंच ओतून घ्या अन् पोरांना पण तेच शिकवा. पोट नाजूक असेल तर सीलबंद बाटली घ्या, पण साधं प्यायचं पाणी मागितलं तर ते द्यायलाच पाहिजे, बाटली घ्यायची सक्ती नाही.

आता कॅफे. कॅफेची वेळ म्हणजे दुपारी तीन ते साडेसहा, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार. निराला बाजार, समर्थनगर हा भाग कॉलेजवाल्यांचा आहे, जवळच स.भु. (सरस्वती भुवन) कॉलेज आहे, विवेकानंद कॉलेज आहे, अभ्यासिका आहेत, त्यामुळं साडेसहानंतर प्रत्येक टेबलावर सहा-सहा पोरं-पोरी एका फ्राइजच्या प्लेटवर बसलेली असतात अन् ते चांगलंच आहे, त्यांचीच जागा आहे ती, पण तुम्हाला बोलायचं असेल तर आवाज चढवावा लागतो. लॅपटॉप घेऊन काम करायचं असेल तर आत शिरल्यावर आधी प्लग पॉइंट कुठं आहे ते बघा मग टेबल निवडा. दीड तासाला एक ऑर्डर हा माझा नियम आहे, एका कॉफीवर चार तास बसणं मला पटत नाही, त्या माणसाला भाडं भरायचं असतं.

मागवायचं काय? कोल्ड कॉफी आपल्याकडं बहुतेक कॅफेत आइस्क्रीम घालून घट्ट करतात, ती आवडत असेल तर ठीक, नसेल तर "आइस्क्रीम नको, साखर कमी" आधी सांगा, नंतर काही करता येत नाही. मेनूवर पिझ्झा, पास्ता, मोमो, नूडल्स, सँडविच, मॅगी अन् वर पनीर टिक्का पण असं सगळं असेल तर सगळंच चांगलं असणार नाही, हे साधं आहे, एवढ्याशा किचनमध्ये होतच नाही ते. आजूबाजूच्या टेबलांवर काय आहे ते बघा, दहापैकी सात टेबलांवर सँडविच असेल तर तुम्ही पण सँडविचच घ्या. ज्या कॅफेत टेबलांना पडदे लावून कप्पे केलेत तिथं घरच्यांना घेऊन जाऊ नका, तिथं खाण्याकडं कुणाचं लक्ष नसतं, किचनवाल्याचं पण नाही.

आणि ज्यूस किंवा शेक घेताना मोसम बघा, इथं तर बघाच, कारण फळं आपल्या दारातली आहेत. मराठवाडा केसर आंबा, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, तिन्हीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मे-जूनमध्ये आंबा, पाऊस सरताना अन् दिवाळीच्या आसपास सीताफळ. ऑक्टोबरात सीताफळ शेक प्या, त्यात गराचे धागे अन् कण जिभेला लागले पाहिजेत. एप्रिलमध्ये सीताफळ शेक मागितला तर साठवलेला गोठवलेला गर येणार, तो गोड असतो पण त्याला वास नसतो. सरळ विचारा, "ताजं आहे का पल्प आहे?" चांगला दुकानदार खरं सांगतो.

गाडी घेऊन येणार असाल, लहान बाळ असेल, किंवा सोबत कुणाचे गुडघे दुखत असतील तर जुन्या शहराचा नाद सोडा अन् सिडकोत कॅनॉटला जा. ती वसाहत सिडको या सरकारी संस्थेनं आखून बसवलेली, रस्ते सरळ, बाग आहे, मार्केटच्या भोवती फिरायला जागा, आणि एकाच चौकोनात पावभाजी, डोसा, कॅफे, आइस्क्रीम सगळं मिळतं, ज्याला जे पाहिजे ते. चव म्हणाल तर गुलमंडीची मजा तिथं नाही असं माझं मत आहे, पण सोय आहे, आणि सात माणसांत सोय कधी कधी चवीपेक्षा जास्त लागते. गुलमंडीला मात्र चारचाकी घेऊन जायचं नाही. औरंगपुऱ्याकडं किंवा निराला बाजारात गाडी लावा अन् पुढं पायी चाला, नाहीतर सरळ रिक्षा करा. सणाच्या आधी, म्हणजे दिवाळी किंवा रमजानचे शेवटचे दिवस, पैठण गेट ते गुलमंडी टिळक पथावर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा लहान पोरं नेऊ नका.

गुलमंडीची वेळ सहा ते आठ. इमरतीचं सांगितलंच, लोक उत्तम मिठाईचं नाव घेतात, पण कुठंही घ्या, कढईचा नियम लक्षात ठेवा. आधी कचोरी किंवा मिरची भजे असं तिखट खा अन् मग इमरती, उलटं केलं तर तिखटाची चव लागत नाही. एकेकानं एकेक प्लेट घेण्यापेक्षा चौघांत दोन प्लेट घ्या अन् चार ठिकाणी खा, चालत चालत. वर थोडं पुढं सुपारी हनुमानाचं दर्शन घ्या, पोराटोरांना गल्ल्या दाखवा. एकादशी किंवा महाशिवरात्र असेल तर साबुदाणा खिचडी, भगर सगळीकडं मिळते, फक्त फोडणीचं तेल अन् कढई वेगळी आहे का हे कडक उपास करणाऱ्यानं विचारून घ्यावं.

आणि आता नान खलिया, म्हणजे नान अन् मटणाचा रस्सा, ज्याच्याशिवाय हे शहर खाऊन झालं असं मी म्हणणार नाही. सिटी चौक, बुढ्ढी लेन, शहागंज हा त्याचा भाग, आणि वेळ संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली अन् दौलताबाद नाव दिलं, तेव्हा हजारो माणसांच्या लष्कराला एकाच देगेत, म्हणजे भल्यामोठ्या हंड्यात, शिजवून घालायची ही पद्धत इकडं आली असं इथले जुने लोक सांगतात. ते काही असो, आजही ते देगेतच चांगलं होतं, चार माणसांच्या भांड्यात होत नाही, म्हणून ज्या हॉटेलात मेनू चाळीस पानांचा आहे तिथं नान खलिया मागवू नका. जिथं दारातच देग ठेवलेली आहे, मोठा पळा आहे अन् शेजारी तंदूर भट्टी आहे तिथं जा.

पद्धत अशी. खलिया म्हणजे मटणाचा पातळ रस्सा, लाल तरी वर, मसाला बारीक वाटलेला, खाली मटण. नान मोठी, मऊ, वरून पिवळसर चकाकणारी. बसल्यावर आधी विचारायचं, "छोट्याचं आहे का बड्याचं?" म्हणजे बोकडाचं का म्हशीवर्गीय जनावराचं. विचारण्यात लाज नको, तिथल्या माणसाला राग येत नाही, दिवसातून शंभर वेळा त्याला कुणीतरी विचारतं. मग नान हातानं मोडायची, तुकडा रश्शात बुडवून क्षणभर तसाच ठेवायचा म्हणजे नान रस्सा पिते, अन् मग खायचा. घाईनं बुडवून काढला तर नुसती तरी लागते अन् घसा जळतो. लिंबू पिळायचं, कांदा घ्यायचा. पहिली प्लेट "तरी कमी" सांगून घ्या, आवडलं तर दुसऱ्या प्लेटला तरी वाढवा. साडेनऊनंतर गेलं तर देगेचा तळ येतो, मसाला घट्ट झालेला असतो अन् मटणाचे चांगले पीस संपलेले असतात. नुसती नान पण विकत मिळते, भट्टीवरून गरम नान कागदात बांधून घरी न्यायची अन् घरच्या मटणासोबत खायची, आमच्याकडं महिन्यातून एकदा हेच होतं. शाकाहारी माणूस सोबत असेल तर त्याला तिथं ताटकळत बसवू नका, त्याचं गुलमंडीवरच नीट खाणं करून द्या.

रमजानच्या महिन्यात हा भाग रात्रभर जागा असतो. तेव्हा इफ्तारच्या वेळेला, सूर्य मावळताना, बाहेरच्यांनी टेबलं अडवून बसू नये असं मला वाटतं, दिवसभराचा उपवास असलेल्यांना आधी बसू द्या, तुम्ही तासाभरानं जा.

नाटकाचं तिकीट असेल तर वेगळा हिशोब. तापडिया नाट्यमंदिर निराला बाजारातच आहे, रात्रीचा प्रयोग असेल तर सात वाजताच हलकं काहीतरी खाऊन घ्या, नाटक सुटल्यावर बरीच किचन बंद झालेली असतात. संत एकनाथ रंगमंदिराला असाल तर उस्मानपुऱ्यात आहात, तारा पान हे पानाचं दुकान तिथंच जवळ आहे, जेवण आधी अन् पान नंतर.

बिलाचं पण सांगते कारण तिथं बरेच लोक गप्प बसतात. साध्या हॉटेलाला, कॅफेला, एसी असो नसो, जीएसटी 5 टक्के, म्हणजे अडीच अधिक अडीच अशा दोन ओळी. बिलाच्या वर "कंपोझिशन" असं छापलेलं असेल तर त्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही, हॉटेलनं आपणहून लावलेला असतो. जुलै 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तो आपोआप बिलात लावू नये असं सांगितलं अन् मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते कायम ठेवलं. म्हणून शांतपणे म्हणायचं, "दादा, सर्व्हिस चार्ज काढून द्या." माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा लगेच काढतात. नाही काढला तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, बिलाचा फोटो काढून ठेवा. आणि तो काढलेला पैसा, निदान त्यातला थोडा, ज्या पोरानं धावपळ करून गरम भाकरी आणून दिली त्याच्या हातात द्या, टेबलावर ठेवू नका, हातातच द्या.

गेल्या दिवाळीत आत्या परत आली होती. या वेळी दुपारी बाराला भाकरी, मग घरी झोप, सहाला पायी गुलमंडी. कढई चालू होती, आम्ही उभे राहिलो. आतोबांनी पहिली इमरती पानावर घेतली, फुंकर मारत मारत खाल्ली अन् आत्याला म्हणाले, "अजून एक घे, घरी न्यायला नको, इथंच खाऊ."